हंसाचा खोडसाळपणा की बकरीचा धिंगाणा?

दोन्हींत आपण प्राणी, दोन्हींत एक सुशेगाद वस्ती, आणि त्या वस्तीला छळणं हा दोन्हींत एककलमी कार्यक्रम. म्हणून ‘हसवणारा एखादा व्हिडिओ गेम सांगा’ म्हटलं की ‘अनटायटल्ड गूस गेम’ आणि ‘गोट सिम्युलेटर’ ही नावं हमखास जोडीने येतात. दोन्ही खेळल्यावर मला तरी ही जोडी ओढूनताणून लावलेली वाटते. हंसाच्या गेममध्ये आपण माणसांना हसतो, बकरीच्या गेममध्ये गेमलाच हसतो. यातलं काय हवंय ते ठरलं, तर निम्मा निर्णय झालाच.

आधी हंस. मेलबर्नच्या हाऊस हाऊस नावाच्या चार जणांच्या चमूने हा गेम केला आणि २०१९च्या सप्टेंबरमध्ये तो आला. सुरुवात म्हणे चेष्टेतूनच झाली: २०१६ मध्ये चमूतल्या एकाने आपसातल्या चॅटवर हंसाचा एक साधा फोटो टाकला आणि यावर गेम काढू या, असं सुचवलं. त्या फोटोतला हंस आता एका इंग्लिश खेड्यात राहतो. त्याला जमणाऱ्या गोष्टी मोजक्या: पळणं, मान खाली घालणं, पंख पसरणं, चोचीत वस्तू धरणं आणि केकाटणं. केकाटायला स्वतंत्र बटण आहे आणि गरज नसतानाही ते दाबावंसं वाटतं.

आपल्या हाती कामांची यादी दिलेली असते. माळीबुवांच्या किल्ल्या पळव, त्यांना भिजव, त्यांचा दाताळा तळ्यात टाक, अशी. माळी वैतागून हंसांना मनाईची पाटी ठोकायला घेतो. तो हातोडा उगारतो त्या क्षणी मागून केकाटायचं, की घाव अंगठ्यावर. पुढे बाजारात चष्मेवाला घाबरट पोरगा भेटतो. त्याचं खेळण्यातलं विमान पळवून दुकानापाशी टाकलं, की दुकानदारीणबाई ते विकायचा माल समजून मांडून ठेवतात, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःचंच विमान पैसे मोजून सोडवावं लागतं. कुणालाही खरी इजा नाही, पण अन्याय मात्र पुरेपूर.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र एकमेकांना लागून असलेल्या दोन परसांचा. एकीकडे एक गृहस्थ पेपर वाचत चहा पितात. कप ओठाला लागला की केकाटायचं. चहाची पिचकारी उडते. पलीकडच्या बाईंच्या बागेत हंसाचा एक पुतळा आहे, त्याच्या गळ्यात रिबीन बांधलेली. तो पुतळा हलवायचा, आपण त्याच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि अजिबात हलायचं नाही. बाई येतात, रिबीन आपल्या गळ्यात बांधतात आणि समाधानाने निघून जातात. स्वतः हलत नसताना मी एवढी कुठल्या गेममध्ये हसल्याचं आठवत नाही. इथे विनोद जमतो तो टायमिंगमुळे, आणि टायमिंग आपल्या हातात असतं. तिथेच हा गेम बाकी विनोदी गेमांच्या पुढे जातो.

संगीताचा यात मोठा वाटा आहे. डॅन गोल्डिंग यांनी देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या पियानोच्या रचना घेतल्या, त्यांचे शेकडो तुकडे केले आणि ते हंसाच्या हालचालींना जोडले. दबा धरून बसलात तर एखादाच सूर रेंगाळतो; पाव घेऊन पळत सुटलात की पियानोही पळतो. आवाज बंद करून खेळणार असाल तर निम्मे पैसे वाया गेले म्हणून समजा.

खोट कुठे आहे? लांबीत. एक रविवार मोकळा असेल तर मुख्य यादी संध्याकाळच्या आत संपते. नंतर आणखी एक यादी उघडते, काही कामं चर्चची घंटा व्हायच्या आत उरकायची असतात, पण पहिल्या वेळचं नवल दुसऱ्यांदा येत नाही. आणि मधूनमधून एखादं काम अडतं. काय करायचं ते कळलेलं असतं, पण तो माळी नेमका आपल्याकडे पाठ करत नाही. ज्यांना कोडी सोडवायचा कंटाळा आहे त्यांना इथे राग येऊ शकतो.

आता बकरी. स्वीडनमधल्या श्योव्दे गावच्या कॉफी स्टेन स्टुडिओजने २०१४च्या जानेवारीत गंमत म्हणून याचा कच्चा नमुना केला होता. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर इतका चालला की त्यांनी खरोखरच गेम काढला, तोही १ एप्रिलला. जीव घेणारे, म्हणजे गेमच बंद पाडणारे दोष दुरुस्त केले आणि बाकीचे मुद्दाम तसेच ठेवले. स्वतःच्या जाहिरातीत ते लिहितात की हा गेम पूर्ण मोडका आणि मूर्खपणाचा आहे, यापेक्षा त्या पैशांत विटांचा ढीग घ्या किंवा मित्रांबरोबर वर्गणी काढून खरी बकरी घ्या. एवढं प्रामाणिक विक्रीपत्रक मी दुसरं पाहिलेलं नाही.

खेळताना काय होतं? बकरी कुंपणाला धडक देते, कुंपण उडतं. ती जीभ बाहेर काढते, जीभ चालत्या गाडीला चिकटते, आणि मग गाडी जाईल तिकडे बकरी फरफटत जाते. पेट्रोल पंपाजवळ गेलात तर पंप उडतो, बकरी आकाशात जाते, मान रबरासारखी ताणलेली, पाय भलतीकडे. खाली पडली की उठते आणि चालू लागते. जिन्याच्या कठड्यात डोकं अडकून बकरी थरथरत राहिली, तर तो दोष आहे की विनोद हे विचारायचं नाही. प्रत्येक तोडफोडीचे गुण पडद्यावर जमत जातात. ते कशासाठी, हेही विचारायचं नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत लपवलेल्या गमती शोधल्या की जेटपॅकसारख्या (पाठीवर बांधून उडायचं यंत्र) नव्या करामती मिळतात. टेकडीवर चांदणीचं रिंगण आहे. तिथे माणसांना ओढत नेऊन बळी देता येतो आणि बकरी सैतानी होते. घरात लहान मुलं असतील तर हे माहीत असलेलं बरं.

मला बकरीचा कंटाळा लवकर आला. पहिला तास पोट धरून हसले. त्यानंतर गेमने नवं काही सांगायचं थांबवलं, आणि कॅमेरा असा गरगरतो की डोळे मिटून बसावं लागलं. पण माझा दहा वर्षांचा भाचा याच गेमवर फिदा आहे. हंसाच्या गेममध्ये त्याची तक्रार होती, “मावशी, सारखं लपायचंच आहे का?” बकरीत त्याला कुणी काही करायला सांगत नाही, आणि तेच त्याला हवं असतं.

मग घ्यायचा कोणता? एकट्याने खेळणार असाल, किंवा कधीच गेम न खेळलेल्या जोडीदाराला शेजारी बसवायचं असेल, तर डोळे झाकून हंस. २०२० पासून त्यात दोन हंस एकत्र खेळू शकतात. एकाने माळ्याला झुलवायचं, दुसऱ्याने डल्ला मारायचा. फक्त दोघांनी एकाच पडद्यासमोर बसायला हवं, ऑनलाइन जोडी जमत नाही. म्हणजे मुलगा बंगळुरूला आणि तुम्ही नाशकात असाल, तर हा बेत रद्द.

घरात पोरांचा घोळका असेल, किंवा ऑफिसमधून आल्यावर डोकं बाजूला ठेवून दहा मिनिटं काहीतरी फोडायचं असेल, तर बकरी. ती फोनवरही मिळते. हंस संगणकावर आणि कन्सोलवरच, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर. अमेरिकी बाजारात हंसाची मूळ किंमत २० डॉलर, बकरीची १०, आणि स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात दोन्हींवर अधूनमधून सूट लागते. हंसाला मी पूर्ण किंमत देईन. बकरीसाठी सेलची वाट पाहीन.

चार मित्रांनी मिळून, तेही ऑनलाइन, दंगा करायचा असेल तर पहिला बकरी गेम सोडा आणि २०२२ मध्ये आलेला ‘गोट सिम्युलेटर ३’ बघा. दुसरा भाग शोधत बसू नका, तो त्यांनी काढलाच नाही. तिसऱ्याचं गाव बरंच मोठं आहे, करण्यासारखं जास्त आहे. मात्र त्याला संगणकही दणकट लागतो. जुन्या लॅपटॉपवर आधी हंसच चालवून बघा.