एफएसएक्समधील लँडिंग लाइट्स : ‘शॉकवेव्ह थ्रीडी लाइट्स रिडक्स’चे परीक्षण

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा विमान उडवण्याचा संगणकीय खेळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एफएसएक्स, २००६ साली आला तेव्हा त्यातल्या पाण्याची आणि भूप्रदेशाची वाखाणणी झाली. विमानाच्या दिव्यांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर त्यातला लँडिंग लाइट, म्हणजे उतरताना पुढे झोत टाकणारा दिवा, हा पंखावर चिकटवलेला एक चपटा पांढरा ठिपका वाटतो, कारण तो इफेक्ट, म्हणजे दिव्याचे चित्र, नेहमी पाहणाऱ्याकडेच तोंड करून असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी शॉकवेव्ह प्रॉडक्शन्सने, म्हणजे पुढे ए२ए सिम्युलेशन्स या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने, ‘थ्रीडी लाइट्स रिडक्स’ हे ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला जोडायचे पूरक सॉफ्टवेअर, काढले. एफएसएक्स अजून संगणकावर जपून ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग कितपत होतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

माझे मत आधीच सांगतो. हे ॲड-ऑन दिव्याला आकार देते, आणि त्या कामात ते उत्तम आहे. धावपट्टी लखलखीत उजळावी अशा अपेक्षेने ते घेऊ नये. दिव्यापासून निघून पुढे पसरत जाणारा आणि पसरता पसरता विरळ होणारा झोत बाजूने पाहताना स्पष्ट दिसतो, आणि विमान वळले की तो झोतही त्याच्याबरोबर फिरतो. संध्याकाळी टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, उभ्या असलेल्या बोइंग ७३७-८०० वर कंट्रोल आणि एल या कळा दाबून दिवे लावले की पंखाच्या मुळाशी असलेले दिवे आणि विमान ही एकच वस्तू वाटू लागते. नॅव्हिगेशन (पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे), बीकन (लुकलुकणारा लाल) आणि स्ट्रोब (लखलखणारा पांढरा) या दिव्यांचेही इफेक्ट यात आहेत आणि तेही मूळच्या दिव्यांपेक्षा उजवे आहेत, पण खरे आकर्षण लँडिंग लाइटचेच.

इफेक्टच्या फाइली सिम्युलेटरच्या ‘इफेक्ट्स’ फोल्डरमध्ये जातात, ते काम सोपे आहे. दुसऱ्या कोणाकडून घेतलेल्या विमानाला हे दिवे बसवायचे म्हटले की खरी मेहनत सुरू होते. त्यासाठी त्या विमानाची ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यातल्या ‘लाइट्स’ या विभागात बदल करावा लागतो. प्रत्येक दिव्याची एक ओळ असते : आधी दिव्याचा प्रकार, मग तीन अंतरे आणि शेवटी इफेक्टच्या फाइलचे नाव. प्रकार आकड्यांत लिहितात. १ म्हणजे बीकन, २ म्हणजे स्ट्रोब, ३ म्हणजे नॅव्हिगेशन आणि ५ म्हणजे लँडिंग लाइट. अंतरे विमानाच्या संदर्भबिंदूपासून फुटांत मोजतात, पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली या क्रमाने. पुढची, उजवीकडची आणि वरची अंतरे धन, त्यांच्या उलट दिशेची ऋण. एफएसएक्समधल्या सेस्ना १७२ एसपीचा लँडिंग लाइट डाव्या पंखाच्या पुढच्या कडेत असल्यामुळे त्याच्या तीन अंतरांपैकी दुसरे ऋण येते. मूळ ओळ पुसून न टाकता तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा देऊन ती निष्क्रिय ठेवावी आणि खाली नवी ओळ लिहावी, म्हणजे आकडा चुकला तरी मागे फिरता येते.

हे आकडे जुळवणे नाजूक काम आहे. दिवा पंखाच्या कडेपासून थोडा मागे गेला की पंखाचा पत्रा त्याला झाकतो आणि झोत अर्धवट कापल्यासारखा दिसतो; थोडा पुढे गेला की तो काचेपासून सुटून हवेत लटकतो. मधली जागा काही इंचांची असते, म्हणून एका वेळी फुटाचा दहावा भाग एवढाच बदल करावा. प्रत्येक बदलानंतर सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नाही : कंट्रोल्सच्या यादीत विमान पुन्हा लोड करण्याची एक आज्ञा आहे, तिला एखादी मोकळी कळ नेमून द्यावी. एफएसएक्स ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये आणखी एक फसगत संभवते : जतन केलेली फाइल मूळ जागी न जाता ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या आडवाटेच्या फोल्डरमध्ये जाऊन बसू शकते. सिम्युलेटर दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये बसवला की हा प्रश्नच उरत नाही.

आता खरेपणाकडे वळू. खऱ्या विमानाचा लँडिंग लाइट प्रचंड प्रखर असतो. मोठ्या प्रवासी विमानांत वर्षानुवर्षे ६०० वॅटचे सीलबंद दिवे वापरले गेले आणि त्यांच्या झोताची तीव्रता काही लाख कॅन्डेला भरते. पण हा झोत अरुंद असतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, असताना तो अंधारात विरून जातो आणि वैमानिक धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांवर आणि पापीवर (उतरण्याचा कोन बरोबर आहे का हे दाखवणाऱ्या धावपट्टीशेजारच्या दिव्यांवर) विसंबून खाली येतो. डांबराचा पोत, टायरचे काळे डाग आणि रंगवलेले पट्टे त्याला शेवटच्या शे-दोनशे फुटांतच दिसू लागतात. ज्या ॲड-ऑनमध्ये दोन मैलांवरून धावपट्टी दिवसासारखी उजळते, ते पाहायला छान असले तरी रात्रीच्या उतरणीचा सराव बिघडवते, कारण फ्लेअर (टेकण्याआधी नाक किंचित उचलणे) नेमका केव्हा करायचा याचा अंदाज त्या उशिरा दिसणाऱ्या पोतावरच बांधायचा असतो. शॉकवेव्हच्या दिव्यांचा भर झोताच्या रूपावर असल्यामुळे हा अतिरेक येथे होत नाही, आणि सरावाच्या दृष्टीने मला ते अधिक बरे वाटते.

उलट बाजूही सांगायला हवी. स्वच्छ, कोरड्या हवेत खरा झोत बाजूने जवळजवळ दिसतच नाही. तो दिसायला धुके, पाऊस किंवा ढग लागतात, कारण डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो हवेतल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश. एफएसएक्समधला इफेक्ट हवेतल्या आर्द्रतेची दखल घेत नाही, त्यामुळे निरभ्र रात्रीही झोताचा शंकू दिसत राहतो. दुसरी मर्यादा दिशेची. दिव्याच्या ओळीत जागा लिहिता येते, कोन लिहिता येत नाही. त्यामुळे उतरताना नाक वर असणाऱ्या विमानाचा दिवा खऱ्या विमानात जसा थोडा खाली वळवलेला असतो, तसा तो विमानागणिक वेगळा वळवता येत नाही. तिसरी मर्यादा पुढच्या चाकावरच्या दिव्याची. खऱ्या एअरबस ए३२० मध्ये चाके आत गेली की नोज गिअरवरचे, म्हणजे पुढच्या चाकाच्या दांड्यावरचे, दिवे आपोआप विझतात. येथे मात्र त्या जागी ५ क्रमांकाची ओळ लिहिली तर चाक आत गेल्यावरही दिवा विमानाच्या पोटाखाली एकटाच जळत राहतो. अशा विमानांत पंखावरचे दिवेच बदलावेत आणि नोज गिअरच्या वाटेला जाऊ नये. या तिन्ही गोष्टींचे मूळ सिम्युलेटरच्या जुन्या रचनेत आहे.

मला सर्वांत जास्त आनंद दिला तो दुसऱ्या विमानांवर बसवलेल्या दिव्यांनी. लँडिंग लाइट हा पाहण्याइतकाच दिसण्यासाठीही असतो. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेचा ‘ऑपरेशन लाइट्स ऑन’ हा ऐच्छिक उपक्रम १०,००० फुटांखाली उडताना दिवसाही हे दिवे लावायला सांगतो तो याचसाठी. एआय वाहतुकीतल्या, म्हणजे सिम्युलेटर स्वतः उडवत असलेल्या, विमानांनाही तीच फाइल आणि तोच विभाग असतो, त्यामुळे तेथेही हेच इफेक्ट लावता येतात, आणि मग आपण होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीवर जाण्याआधी थांबण्याच्या जागी, थांबलेले असताना फायनलवरून येणारे विमान आधी नुसत्या तेजस्वी बिंदूच्या रूपाने आणि नंतर हळूहळू वेगळ्या होत जाणाऱ्या दिव्यांच्या रूपाने दिसू लागते. अर्थात प्रत्येक दिवा हा संगणकावरचा एक वाढीव भार असतो. गजबजलेल्या विमानतळावर सगळ्याच विमानांना चार-चार दिवे लावण्याऐवजी नेहमी दिसणारी मोजकी विमाने निवडून प्रत्येकाला दोनच लावले, तर फ्रेम रेट (दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या) सांभाळून तोच परिणाम साधतो.

नव्या सिम्युलेटरवर उडणाऱ्यांना या खटाटोपाची गरज नाही. एक्स-प्लेन १० मध्ये २०११ साली आणि प्रिपेअर्ड थ्रीडीच्या चौथ्या आवृत्तीत २०१७ साली असे दिवे आले, ज्यांचा प्रकाश जमिनीवर आणि आसपासच्या वस्तूंवर खरोखर पडतो. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तर ‘सिस्टिम्स डॉट सीएफजी’ या फाइलमध्ये दिव्याच्या जागेबरोबर त्याचा कोनही लिहिता येतो. पण एखाद्या जुन्या, आवडत्या विमानासाठी जो एफएसएक्स सोडायला तयार नाही आणि ज्याला नोटपॅडमध्ये आकडे जुळवत बसण्याचा कंटाळा नाही, त्याने हे ॲड-ऑन जरूर घ्यावे. सुरुवात मात्र सेस्नासारख्या एकाच लँडिंग लाइटच्या विमानापासून करावी आणि आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी.