अर्नशॉचं खिशातलं क्रोनोमीटर: आठ महिने आणि ९० पौंडांनंतर

क्रोनोमीटर म्हणजे अगदी अचूक चालणारं घड्याळ, आणि माझं हे थॉमस अर्नशॉ या जुन्या इंग्रज घड्याळजीचं. स्प्रिंग डिटेंट (चाक अडवून धरणारी बारीक पट्टी), फ्युझी (स्प्रिंगचा जोर एकसारखा ठेवणारा शंकू), चांदीची केस, किल्ली मागून, हे सगळं जाणकारांना पाठ असेल. ते उगाळत नाही. माझी कटकट एकाच गोष्टीची: चावी दिली तरी हे आपणहून सुरू होत नाही.

मार्चमध्ये एका रविवारी चावी द्यायची राहिली. सोमवारी पूर्ण चावी देऊन कानाला लावलं तर शुकशुकाट. म्हटलं, स्प्रिंग गेली. इथे लंडनमध्येच एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने तीन आठवडे ठेवून घेतलं, 'तपासणी'चे ९० पौंड लावले आणि चालू घड्याळ हातात दिलं. महिन्याभरात पुन्हा तेच. तेव्हा एका म्हाताऱ्या संग्राहकाने सांगितलं, तबकडी वर धरून मनगटाला हलकी गिरकी द्या. दिली, आणि लागलं की टिकटिकायला! एका गिरकीचे ९० पौंड.

याला दोष म्हणणं मात्र आता सोडलंय. चाकाचा दात डिटेंटने अडवलेला असतो. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, फिरत येऊन डिटेंट बाजूला सारतो, तेव्हा कुठे दात सुटतो. बॅलन्सच उभा असेल तर सोडवणार कोण? पण याच रचनेमुळे बॅलन्स बाकी वेळ मोकळा झुलतो आणि चाकाचा दात त्याला धक्का देतो तिथे तेलही लागत नाही. सेकंदकाटा बघा, एका झोक्याला सरकतो, पुढच्याला गप्प.

थॉमस अर्नशॉ माणूसही असाच अडणारा. ही आपली युक्ती जॉन अर्नोल्ड या दुसऱ्या घड्याळजीने चोरली, असं तो जन्मभर म्हणत राहिला. त्याच्या युक्तीचं १७८३चं पेटंटसुद्धा थॉमस राइट या घड्याळजीच्या नावावर निघालं. १८०५ साली रेखांश मंडळाने, म्हणजे समुद्रात रेखांश काढायच्या साधनांना बक्षिसं देणाऱ्या ब्रिटिश सरकारी मंडळाने, त्याला ३,००० पौंड ठरवले, पण तेवढेच अर्नोल्डच्या मुलालाही. झालं, हा पुन्हा भांडायला तयार! डार्विनच्या 'बीगल' जहाजावर गेलेलं त्याचं ५०९ नंबरचं क्रोनोमीटर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मी दोनदा बघून आलो, प्रवेश फुकट.

चांदीवर राजाच्या मुंडक्याचा शिक्का आहे, म्हणजे कर भरलेला. तेवढं एक बिल माझ्यावर आलं नाही.

टेबलावर आडवं ठेवलं की दिवसाला चार सेकंद पुढे जातं, रोज तेवढंच. खिशात घालू नका. बसमधून उतरताना एकदा वळलो आणि हे थांबलं. किल्ली आता चहाच्या डब्याशेजारी असते. ९० पौंडांची पावती घड्याळाच्या डबीतच घडी घालून ठेवलीय, विकताना सोबत देईन.