सात महिने ‘लिक्विड लिक्विड’ ऐकल्यावर

‘स्लिप इन अँड आउट ऑफ फिनॉमेनन’ ही सीडी घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. डॉमिनो या रेकॉर्ड कंपनीने २००८ साली काढलेलं हे संकलन. ‘लिक्विड लिक्विड’ या न्यूयॉर्कच्या चौघांच्या बँडच्या १९८१ ते १९८३ मधल्या तीन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, त्यात आहेत, शिवाय थोडी लाइव्ह रेकॉर्डिंग्ज. सूर म्हणावा असं फारसं काही नाही आणि गाणारा साल प्रिन्सिपाटो काय म्हणतोय ते धड कळत नाही. बायकोने आतून विचारलं, “सीडी अडकलीय का रे?”

अडकली नव्हती. ते तसंच आहे. डिस्कोची लाट ओसरल्यावरचा हा फंक, म्हणजे ठेका आणि बासवर चालणारं नाचाचं संगीत, पण नटवेपणा सगळा काढून टाकलेला. रिचर्ड मॅग्वायरचा बास मोजक्या स्वरांवर फिरत राहतो, स्कॉट हार्टलीचे ड्रम आणि डेनिस यंगचं मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) त्याला धरून चालतात. भजनात टाळकरी तासभर एकच ठेका धरतात तेव्हा आपण कुठे तक्रार करतो? तिसऱ्या महिन्यात ‘ऑप्टिमो’ हे गाणं सलग चार वेळा लावलं, तेव्हा कळलं की आपण यात पुरते सापडलोय.

यातलंच ‘कॅव्हर्न’ हे गाणं पहिल्यांदा ऐकताना मात्र हा बास ओळखीचा वाटला होता. वाटणारच. १९८३ मध्येच शुगरहिल या रेकॉर्ड कंपनीच्या ‘व्हाइट लाइन्स’ या गाण्यात तो त्यांच्या वादकांनी पुन्हा वाजवला आणि मेली मेलचं ते रॅप जगभर गेलं. ‘लिक्विड लिक्विड’चं लेबल ‘९९ रेकॉर्ड्स’ म्हणजे मॅकडूगल स्ट्रीटवरच्या दुकानातून चालणारा एड बाल्मनचा कारभार. तो कोर्टात गेला, जिंकलाही, पण शुगरहिलने दिवाळं काढलं. या भांडणात ९९ रेकॉर्ड्स बंद पडलं आणि बँडही विखुरला. मूळ बास कुणाचा, हे ‘व्हाइट लाइन्स’वर नाचणाऱ्या कितीजणांना माहीत असेल?

पुढे काय झालं, ते मला गाण्यांइतकंच भावलं. मॅग्वायर चित्रकारच होता, रेकॉर्डची कव्हरंही त्याचीच. १९८९ मध्ये ‘रॉ’ या मासिकात त्याची ‘हिअर’ नावाची सहा पानी चित्रकथा आली. खोलीचा एकच कोपरा, पण चौकटीत चौकट घालून वेगवेगळी वर्षं एकाच पानावर. २०१४ साली तिचं तीनशे पानांचं पुस्तक झालं, २०२४ मध्ये रॉबर्ट झेमेकिसने सिनेमा केला. ते पुस्तक मी पाचव्या महिन्यात मागवलं. आता मला त्या बासमध्ये तो कोपराच दिसतो: जागा हलत नाही, वरून काळ सरकत राहतो. यंग आपलं एकट्याचं संगीत करत राहिला. २००८ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २ एप्रिल २०११ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘एलसीडी साउंडसिस्टम’ या बँडच्या निरोपाच्या मैफलीत आधी वाजवून गेली. ग्लासगोच्या एका क्लब-नाइटचं नावच त्यांच्या गाण्यावरून ‘ऑप्टिमो’ पडलं.

घेणाऱ्यांसाठी एवढंच, की मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास गायब होतो आणि मागे नुसता खडखडाट उरतो. बरे हेडफोन हवेतच. सलग पूर्ण सीडी मलाही झेपत नाही, तीन-चार ट्रॅक पुरे. ती लाइव्ह रेकॉर्डिंग्ज तर मी दोनदाच ऐकली, नंतर त्यांच्याआधीचं ‘आउट’ हे गाणं संपलं की बंदच करतो.