रिट्रॅक्शन वॉच डेटाबेस: मागे घेतलेल्या शोधनिबंधांची यादी

वैद्यकीय शोधनिबंधाचा संदर्भ देण्याआधी इथे एकदा डोकवावंच. 2018 मध्ये खुला झालेला हा डेटाबेस 2023 मध्ये क्रॉसरेफ या शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने घेतला आणि पूर्ण यादीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल सर्वांना मोफत मिळू लागली. शोधताना लेखकाचं नाव नको, डीओआय (निबंधाचा ठरलेला ओळख क्रमांक) टाका. एका नावाचे अनेक संशोधक निघतात आणि डाग भलत्याच्याच माथी लागतो.

खरं मोल ‘कारण’ या रकान्याचं. निबंध मागे घेतला म्हणजे लबाडीच झाली, असं नसतं. प्रामाणिक चूक, प्रकाशकाचा घोळ, बनावट आकडे यांची नोंद वेगवेगळी असते.

उणीव मात्र मोठी: नियतकालिकाने पाऊल उचलेपर्यंत यादीला काही कळत नाही. सर्जिस्फियर या कंपनीच्या आकड्यांवरचा, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध 2020 मध्ये 13 दिवसांत मागे घेतला गेला. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डच्या 1998 च्या निबंधाला तब्बल 12 वर्षं लागली. शिवाय मागे घेतलेल्या निबंधाचे आकडे वापरणाऱ्या मेटा-अ‍ॅनालिसिसवर (अनेक निबंधांचे आकडे एकत्र करून केलेल्या अभ्यासावर) आपोआप खूण होत नाही. ते हातानेच तपासावं लागतं.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही यादी त्यात जोडलेलीच आहे. धोक्याची लाल पट्टी दिसते, पण डीओआय किंवा पीएमआयडी (पबमेड या वैद्यकीय निबंधसूचीतला क्रमांक) भरलेला असेल तरच.