प्लगिन गायब झाले म्हणून फोन केला, आणि साडेआठ हजार गेले

आषाढी एकादशीला नऊ दिवस राहिले होते. बुवांच्या अभंगांचं मिक्सिंग माझ्याकडे होतं. हातात काम असताना अपडेट करायचं नसतं हे माहीत असूनही त्या सकाळी मी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. प्रोजेक्ट उघडला तर अकरा प्लगिन, म्हणजे आवाज बनवणारी किंवा घडवणारी छोटी जोड-सॉफ्टवेअरं, सापडत नाहीत! बुवांच्या आवाजावरचा रिव्हर्ब (घुमारा) गेलेला, तंबोऱ्याचा ट्रॅक मुका.

घाबरून कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं सर्च केलं आणि सगळ्यात वर दिसला त्या नंबरवर फोन लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस मराठीत, अगदी आदबीने बोलत होता. त्याने दुरून स्क्रीन चालवायचं ॲप टाकायला लावलं आणि माझ्या मॅकमधलं 'कन्सोल', म्हणजे आतल्या नोंदी दाखवणारं ॲप, उघडलं. लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी झरझर सरकायला लागल्या. "सर, बघताय ना? लायसन्स करप्ट झालंय. आज रिन्यू केलं नाही तर कायमचं ब्लॉक होईल." असल्या ओळी धडधाकट मॅकवरही दिसतात, हे मला नंतर कळलं. यूपीआयने ८,५०० रुपये भरले. मग त्याने लायसन्सच्या खात्याचा पासवर्ड आणि ईमेलवर आलेला कोड मागितला. तोही दिला. प्लगिन आले नाहीतच, आणि संध्याकाळी बघतो तर खात्याचा पासवर्ड बदललेला.

रात्री मिरजेच्या मित्राला फोन केला. त्याने पहिलं विचारलं, "मॅक कुठला तुझा?" एम१, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचा. ही चिप २०२० च्या शेवटी आली. त्याआधीचे इंटेलच्या चिपसाठी बनवलेले प्लगिन तिच्यावर रोझेटा या ॲपलच्या 'दुभाष्या' सॉफ्टवेअरच्या मदतीने चालतात. अपडेटनंतर माझं सॉफ्टवेअर रोझेटाशिवाय उघडत होतं, म्हणून त्याला जुने प्लगिन दिसत नव्हते. ॲप्लिकेशन्समध्ये जाऊन सॉफ्टवेअरच्या 'गेट इन्फो'मध्ये 'ओपन यूजिंग रोझेटा'वर टिक केली. अकराच्या अकरा परत आले. लायसन्सला काहीही झालेलं नव्हतं.

लायसन्सची अडचण असली तर बहुतेक वेळा प्लगिन स्वतःच ॲक्टिव्हेशन मागतो. यादीतून नावच गेलं असेल तर तो सॉफ्टवेअरला सापडत नाही किंवा उघडता येत नाही. विंडोजवाल्यांनी आधी प्लगिन मॅनेजरमधली ब्लॉकलिस्ट (सॉफ्टवेअरने अडवलेल्या प्लगिनची यादी) बघा, रिस्कॅन करा म्हणजे प्लगिन पुन्हा शोधायला लावा. आणि कंपनीशी बोलायचंच असेल तर तुमच्या खात्यात लॉगिन करून तिथूनच तिकीट, म्हणजे तक्रार, टाका. पासवर्ड आणि कोड कुणालाही देऊ नका, माणूस कितीही गोड बोलो.

दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. १९३० ला त्याच रात्री फोन करायला हवा होता, पैसे पुढे सरकायच्या आत. खरेदीची बिलं ईमेलमध्ये जपून ठेवली होती, त्यांच्या जोरावर कंपनीने खातं परत मिळवून दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. आणि तो नंबर काल पुन्हा शोधला, अजूनही सगळ्यात वरच आहे.