‘सेंट’ शिकायचा तर कोणता कोश उघडायचा?

मराठीत ‘सेंट’ (scent) म्हणजे बाटली. लग्नाला निघताना कपड्यांवर मारायचा तो. हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतूनच आला. तिकडे तो अजून आहे, पण आता जरा जुन्या वळणाचा वाटतो; दुकानात ‘परफ्यूम’ म्हणतात. वाचनात मात्र हा शब्द बाटलीबाहेरच जास्त भेटतो. फुलांचा सेंट असतो, कुत्रा सशाच्या सेंटवर जातो, एखाद्या संघाला विजयाचा सेंट येतो. हे सगळं शिकायला दोन वाटा आहेत: घरातला इंग्रजी-मराठी कोश, किंवा इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे परक्या विद्यार्थ्यांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिलेला कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांच्याही लर्नर्स डिक्शनऱ्या फोनवर फुकट पाहता येतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न बाजूला ठेवू.

मराठी कोशाचा पहिला गुण म्हणजे वेग. दहा सेकंदांत अर्थ कळतो आणि वाचन अडत नाही. दुसरा गुण उच्चाराचा. या शब्दातला ‘सी’ मुका आहे. मूळ फ्रेंच आणि लॅटिन धातूंत तो नव्हताच. 17व्या शतकात इंग्रजी स्पेलिंगमध्ये विनाकारण घुसला. कोशात देवनागरीत ‘सेंट’ छापलेलं असलं की मूल ‘स्केंट’ वाचत नाही. पण हाच गुण पुढच्या शब्दाला अपुरा पडतो. आपण सर्रास ‘फ्रॅग्रन्स’ म्हणतो, खरा उच्चार ‘फ्रेग्रन्स’च्या जवळ जातो. ‘अरोमा’त जोर मधल्या ‘रो’वर आहे, आणि तो देवनागरीत दिसत नाही.

माझ्या मते निर्णय ठरतो तो एका बारीक चिन्हावर: स्वल्पविराम. कोशात ‘सेंट’पुढे साधारण असं दिसतं: वास, गंध, सुवास, माग. चारही बरोबर. पण कुठला कधी, याचा पत्ता नाही. उलट बाजूनं पाहिलं तर ‘फ्रेग्रन्स’, ‘अरोमा’, ‘सेंट’ या तिघांपुढे ‘सुवास’ येतो, आणि ‘ओडर’पुढे पुन्हा ‘वास, गंध’. मग विद्यार्थी मोगऱ्याला ‘ओडर’ लावतो आणि तळलेल्या बोंबलाला ‘फ्रेग्रन्स’. व्याकरण चोख, वाक्य तरीही चुकलेलं.

सगळ्यात जास्त घोळ ‘बिनवासाचा’ या अर्थाच्या शब्दांत होतो. कोश ‘सेंटलेस’, ‘ओडरलेस’ आणि ‘अनसेंटेड’ या तिघांनाही ‘गंधहीन’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत मात्र वास नसलेलं फूल ‘सेंटलेस’ असतं आणि वायू ‘ओडरलेस’. स्वयंपाकाचा गॅस मुळात ओडरलेस असतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. त्या गॅसला कुणी ‘सेंटलेस’ म्हणत नाही, कारण ‘सेंट’मध्ये बहुधा काहीतरी हवंहवंसं किंवा कुणाची तरी खूण अपेक्षित असते. ‘अनसेंटेड’ म्हणजे ज्यात सुगंध घातला जातो अशा वस्तूत तो न घालणं: साबण, मेणबत्ती, लोशन.

लर्नर्स डिक्शनरी इथे नुसत्या व्याख्येनं जिंकत नाही, हेही सांगायला हवं. या कोशांत व्याख्या ठरावीक सोप्या शब्दांत लिहितात (लाँगमनची मर्यादा सुमारे 2000 शब्दांची), त्यामुळे ‘सेंट’, ‘अरोमा’ आणि ‘फ्रेग्रन्स’ या तिन्हींच्या व्याख्या ‘छान वास’ याच्याच आसपास फिरतात. व्याख्या वाचून पान मिटलं तर मराठी कोशापेक्षा फार काही हाती लागत नाही. खरा माल खाली, तिरप्या अक्षरांतल्या उदाहरणांत असतो. तिथे अरोमा कॉफीचा आणि भाजत असलेल्या पावाचा, फ्रेग्रन्स फुलांचा आणि अत्तराचा, सेंट फुलांचा तसाच जनावराचा, आणि ओडर बहुतेक नकोसा किंवा शास्त्रीय नोंदीतला, हे आपोआप दिसतं. अशा कोशांची घडणच त्यासाठी झाली. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीचे मूळ कर्ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, आणि 1942 साली त्यांचा कोश तिथेच छापला गेला. परक्या विद्यार्थ्याचं अडतं ते वापरात, हे त्यांनी ओळखलं होतं.

काम करायची रीत अशी. वहीत पाच वस्तू लिहा: मोगरा, कॉफी, गॅस, सुकी मासळी, माग काढणारा कुत्रा. प्रत्येक शब्दाच्या उदाहरणांतून तो कुणाला लागतो ते टिपा, आणि सोबतचं क्रियापदही. कुत्रा सेंट ‘पिक अप’ करतो, चोर त्याला सेंटवरून ‘थ्रो ऑफ’ करतो. मराठीत आपण माग लागणं आणि माग चुकवणं म्हणतो तसंच. संकट ‘सेंट’ करणं म्हणजे आपलं ‘सुगावा लागणं’. एका शब्दाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

‘स्मेल’ शिकताना दोन चुका आधीच टाळा. फुलं ‘स्मेल स्वीट’, ‘स्वीटली’ नव्हे. या क्रियापदापुढे विशेषण येतं. आणि पुढे काहीच न जोडता ‘इट स्मेल्स’ म्हटलं तर घाण वास असाच अर्थ होतो. ‘वास येतोय’ म्हटल्यावर आपणही नाकच दाबतो, म्हणून हे मराठी माणसाला पटकन पटतं. इथे मराठी कोश जवळ असलेला बरा. दरवळ, घमघमाट, खमंग, दर्प, कुबट असे शब्द ज्याच्याकडे आहेत त्याला वासाचे भेद नवे नाहीत, फक्त जोड्या लावायच्या असतात. ‘खमंग’ला मात्र इंग्रजीत एकच शब्द शोधत बसू नका, तो मिळत नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट दोन्ही कोशांबाहेर ध्यानात ठेवावी. अमेरिकेत ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास दाबणारी द्रव्यं असू शकतात. अ‍ॅलर्जी असेल तर लेबलवर ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधा.

सातवीपर्यंतच्या मुलाला मराठी कोशच द्यावा. इंग्रजी व्याख्या वाचताना तेच थकतं. त्यापुढे मात्र मी लर्नर्स डिक्शनरीकडे झुकेन. अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल, हे शब्द काही दहा-पंधरा वर्षांत बदललेले नाहीत. फक्त पैसे देण्याआधी ‘सेंट’चं पान उघडून उदाहरणं आहेत ना ते पाहा. खिशात मावणाऱ्या आवृत्त्यांत जागा वाचवायला आधी तीच कापतात.