बुकरच्या यादीवर चालणारा ऑनलाइन बुक क्लब: तीन हंगामांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगून टाकतो. बुकर या इंग्रजी कादंबऱ्यांसाठीच्या ब्रिटिश पुरस्काराच्या लाँगलिस्टमधली (पहिल्या निवडयादीतली) तेराच्या तेरा पुस्तकं सगळ्यांनी वाचायची हा बेत सोडून द्या. शॉर्टलिस्टमधली (निकालाआधीच्या अंतिम यादीतली) सहाही प्रत्येकाने वाचायला हवीत असं नाही. माणशी तीन पुस्तकं दिली तर क्लब शेवटपर्यंत टिकतो आणि चर्चाही भरते. बुकर २०२४, इंटरनॅशनल बुकर २०२५ (इंग्रजीत अनुवादित पुस्तकांसाठीचा वेगळा पुरस्कार) आणि बुकर २०२५ या तीन हंगामांत ही पद्धत घासूनपुसून तयार झाली.

गडबड सुरू होते ती तारखांपासून. २०२४ मध्ये लाँगलिस्ट ३० जुलैला, शॉर्टलिस्ट १६ सप्टेंबरला आणि निकाल १२ नोव्हेंबरला लागला. म्हणजे आधी ४८ दिवस, मग ५७. २०२५ मध्ये याच तारखा २९ जुलै, २३ सप्टेंबर आणि १० नोव्हेंबर अशा होत्या, म्हणजे आधी ५६ आणि मग ४८. एकूण काळ जवळपास तेवढाच, पण शॉर्टलिस्ट आठवडाभर पुढे सरकली आणि खऱ्या वाचनाचे नऊ दिवस गेले. गेल्या वर्षीचं वेळापत्रक उचलून तसंच चिकटवलं की शेवटच्या दोन पुस्तकांची चर्चा निकालानंतर करायची वेळ येते, आणि तेव्हा ती कोणालाच नको असते. इंटरनॅशनल बुकर २०२५ या बाबतीत सोयीचं होतं: २५ फेब्रुवारी, ८ एप्रिल, २० मे. दोन्ही टप्पे बरोबर सहा-सहा आठवड्यांचे.

दुसरा गोंधळ पानांचा. ‘आठवड्याला एक पुस्तक’ हे ऐकायला छान वाटतं, पण २०१३ चं विजेतं पुस्तक ८३२ पानांचं होतं आणि २०२४ चं १३६ पानांचं. त्यामुळे हिशोब पानांतच करायचा. तासाला ३५ पानं आणि रोज पाऊण तास धरला तर दिवसाला साधारण २६ पानं होतात. या वेगाने पहिल्याला ३२ दिवस लागतात, दुसऱ्याला सहा. ४८ दिवसांत एकूण १,२४८ पानं वाचून होतात. त्यात सहा पुस्तकं बसवायची तर प्रत्येक पुस्तक २०८ पानांचंच असायला हवं, आणि तशी यादी कोणी तुमच्या सोयीसाठी काढत नाही. तीन पुस्तकं असतील तर प्रत्येकी चारशे पानांपर्यंत निभावतं.

यादी लागली त्याच रात्री एक शीट बनवा. रकाने असे: पुस्तक, पानं, ऑडिओचे तास, ई-बुक मिळतं का, प्रकाशनाची तारीख, वाचणाऱ्यांची नावं. प्रकाशनाच्या तारखेचा रकाना निरुपयोगी वाटतो, पण सगळ्यात जास्त तोच वाचवतो. बुकरच्या नियमात १ ऑक्टोबर ते पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये निघालेली पुस्तकं बसतात. म्हणजे जुलैअखेरच्या यादीतलं एखादं पुस्तक तोवर छापूनही आलेलं नसतं. लाँगलिस्टपासूनच वाचायला सुरुवात करणाऱ्यांनी असं पुस्तक सरळ शेवटी ढकलावं. (‘पीडीएफ आहे का कोणाकडे?’ हा मेसेज पहिल्या तासात येतोच. पायरेटेड प्रत गटात टाकायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पिन करून ठेवा. नंतर सांगितला तर तो एका माणसाला उद्देशून सांगितल्यासारखा वाटतो.)

आता वाटपाकडे. वीस सभासद आणि माणशी तीन पुस्तकं म्हणजे साठ वाचनं, म्हणजेच प्रत्येक पुस्तकाला सरासरी दहा वाचक. तीनपैकी दोन पुस्तकं ज्याने त्याने निवडायची, तिसरं संयोजकाने द्यायचं. तिन्ही स्वतःच निवडायची मुभा दिली तर सगळे बारीक पुस्तकावर आणि ओळखीच्या लेखकावर तुटून पडतात आणि जाडजूड पुस्तकाला वाली उरत नाही. एका पुस्तकाला चारपेक्षा कमी वाचक ठेवू नका. चारातला एक गळतो, एकाचं अर्धं राहतं आणि वाद घालायला दोघं उरतात. त्याहून कमी झाले की चर्चा संपते आणि कथासार सुरू होतं.

मतदानाची गंमत अशी की व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये जास्तीत जास्त बारा पर्याय बसतात आणि लाँगलिस्ट असते तेराची! दोन पोल केले तर त्यांतल्या मतांची एकमेकांशी तुलना होत नाही. शिवाय कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पहिल्या चार मतांनंतर बाकीची त्याच दिशेने वाहत जातात. गूगल फॉर्म वापरा आणि उत्तरांचा सारांश बंद ठेवा.

क्लबचा स्वतःचा विजेता ठरवताना मात्र दहापैकी गुण मागू नका. समजा, ‘अ’ १८ जणांनी वाचलं आणि प्रत्येकाने ५ गुण दिले: बेरीज ९०. ‘ब’ सातच जणांनी वाचलं आणि सगळ्यांनी ९ दिले: बेरीज ६३. बेरजेत मिळमिळीत पुस्तक जिंकलं. बरं, सरासरी काढावी, तर जे पुस्तक फक्त त्याच्या चाहत्यांनीच हातात घेतलं ते वर येतं. यातून सुटायचा मार्ग म्हणजे जोड्या. फॉर्ममध्ये एवढंच विचारा: तुम्ही वाचलेली तीन पुस्तकं पसंतीच्या क्रमाने लावा. सहा पुस्तकांच्या जोड्या होतात १५. प्रत्येक जोडीत, दोन्ही वाचलेल्यांपैकी किती जणांनी कोणतं वर ठेवलं ते मोजायचं. माणशी तीन पुस्तकं म्हणजे माणशी तीन जोड्या, वीस जणांच्या साठ, म्हणजे एका जोडीला सरासरी चार मतं. माणशी दोनच पुस्तकं ठेवली तर हेच प्रमाण जेमतेम एकावर येतं आणि सगळा खटाटोप फुकट जातो. संयोजकाने तिसरं पुस्तक देताना रिकाम्या जोड्या बघूनच द्यायचं, ते याचसाठी. तीनपेक्षा कमी मतांची जोडी अनिर्णित धरावी.

बैठकीसाठी झूमचं मोफत खातं पुरतं. चाळीस मिनिटांची मर्यादा अडचण वाटते, प्रत्यक्षात तिचा फायदाच होतो. दहा जणांना दोन-दोन मिनिटं म्हणजे वीस, उरलेली वीस मिनिटं एका परिच्छेदाला. हा परिच्छेद बैठकीचा कणा आहे. साधारण दीडशे शब्दांचा उतारा, मोठ्याने वाचायला एक मिनिट. कोणीतरी तो आदल्या दिवशी निवडायचा, ‘आवडला म्हणून’ नाही तर ‘इथे काहीतरी खटकलं म्हणून’. कादंबरी कशी वाटली असं विचारलं की ‘छान आहे, पण मध्ये रेंगाळते’ एवढंच येतं. हाच निवेदक या वाक्यात अचानक वर्तमानकाळात का गेला असं विचारलं की पाच जण एकदम म्यूट काढतात.

अनुवादित पुस्तकांना ही पद्धत आणखी मानवते. इंटरनॅशनल बुकरमध्ये पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात, तेव्हा चर्चेतही अनुवादकाला निम्मा वेळ द्यायला हरकत नाही. २०२२ चं विजेतं पुस्तक मूळ हिंदी होतं, २०२५ चं कन्नड. गटात मूळ भाषा येणारा एक जण असेल तर त्याला तोच उतारा मुळातून वाचायला सांगा, आणि कोणता शब्द अनुवादात तसाच ठेवलाय ते बघा.

‘कुठपर्यंत वाचलं’ हे पान क्रमांकाने सांगू नका. छापील प्रत, ई-बुक आणि ऑडिओ यांची पानं कधीच जुळत नाहीत. प्रकरण सांगावं, प्रकरणं नसतील तर टक्के. कथानक फुटू नये म्हणून टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकूर झाकता येतो (डिस्कॉर्डवर दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा). दुसरीकडे कुठे चर्चा असेल तर पहिली ओळ फक्त पुस्तकाचं नाव आणि टक्के, मग आठ-दहा रिकाम्या ओळी, मग मजकूर. नाहीतर फोनच्या नोटिफिकेशनमध्येच शेवट वाचला जातो.

क्रम लावताना सगळ्यात बारीक पुस्तक पहिलं, दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर दर आठवड्याला एक. फॉर्म निकालाच्या आदल्या रात्री बंद करायचा, म्हणजे परीक्षकांचं बघून मत बदलायला जागा उरत नाही.

निकालानंतर हजेरी निम्म्यावर येते, त्याचा उपाय सापडलेला नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लाँगलिस्टमधून गळलेल्या सात पुस्तकांपैकी तीन घेतली, महिन्याला एक. तिथे ना मतदान, ना वेळापत्रक. उरलेले सात-आठ जण मात्र नेमाने येतात.